अमेरिकेस जाणाऱ्या प्रवाशाची शिदोरी

रायपूरच्या रेल्वे स्थानकाला दोन बाजू आहेत. एका बाजूने बाहेर पडले की मुख्य शहर लागते. दुसऱ्या बाजूने बाहेर पडले की गुढियारी. धान्य आणि किराणा यांच्या घाऊक व्यापाराबद्दल ही वस्ती प्रसिद्ध आहे आणि मुंबई-हावडा लोहमार्ग तिच्या कडेनेच जातो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊन राहिली. पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निमित्ताने त्यांत आणखी भर पडली. आज या घरांतील पुढची पिढी आणखी दूर गेली आहे आणि तिच्या मागोमाग आईवडीलही काही महिन्यांसाठी परदेशी जाऊ लागले आहेत. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी जातो, कोणी नातवंडांना पाहण्यासाठी.

परदेशातील प्रेक्षणीय स्थळांची वर्णने करणारी पुस्तके विपुल आहेत. परंतु असा प्रवासी अडतो तो स्थळांपाशी नव्हे. विजेचे बटण कोणत्या बाजूला दाबावे, रस्ता ओलांडताना प्रथम कोणीकडे पाहावे, ताप आला तर औषध कोठे मिळेल, अशा साध्या गोष्टींपाशी त्याचे अडते. घरी या गोष्टी विचार न करता घडत असतात. त्यामुळे त्या शिकावयाच्या असतात हेच ध्यानात येत नाही. परदेशात नेमक्या याच गोष्टी वेगळ्या असतात. त्यांची माहिती निघण्यापूर्वीच करून घेणे हाच सुखरूप प्रवासाचा पाया होय. मराठी वडीलधाऱ्यांच्या प्रवासाचे एक मोठे ठिकाण अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे असल्याने या प्रकरणात त्याच देशाचे उदाहरण घेतले आहे.

दोन जुने प्रवासी

या विषयाचे महत्त्व पटण्यासाठी दोन जुन्या प्रवासांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली. आहार शाकाहारीच ठेवावयाचा आणि वेष आपलाच असावयाचा हा त्यांचा निश्चय होता. परंतु तेथील हिवाळ्यात नऊवारी लुगडे पुरेसे पडेना, म्हणून पाय झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने त्या साडी नेसू लागल्या. थंडी, अपुरा आहार आणि श्रम यांनी त्यांची प्रकृती खालावली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीसही वर्षे पुरी झाली नव्हती.

दुसरा प्रवासी रायपूरशी संबंधित आहे. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, १८७७ साली कुटुंबीयांबरोबर रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. त्या वेळी रायपूरपर्यंत रेल्वे आलेली नव्हती. बराचसा प्रवास बैलगाडीने झाला. रायपूरच्या विमानतळास आज त्यांचेच नाव आहे. ३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून निघाले आणि जपानमार्गे जुलैअखेर शिकागोस पोहोचले. तेथे त्यांना तीन गोष्टी एकदमच कळल्या. सर्वधर्मपरिषद सप्टेंबरमध्ये भरावयाची होती. अधिकृत शिफारसपत्राशिवाय प्रतिनिधीस प्रवेश नव्हता. आणि नाव नोंदविण्याची मुदत टळून गेलेली होती. जवळचे पैसे झपाट्याने संपत होते आणि थंडीचे पुरेसे कपडे नव्हते. बोस्टनकडे खर्च कमी येतो असे कळल्यामुळे ते तिकडे गेले. तेथे हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची ओळख झाली आणि त्यांच्या पत्रामुळे परिषदेचे दार उघडले. शिकागोस परतल्यावर समितीचा पत्ता हरवल्याने एक रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली, असे चरित्रकार सांगतात.

या दोन्ही व्यक्ती असामान्य होत्या. तरीही त्यांची अडचण झाली ती कपडे, पैसा, तारीख, कागद आणि पत्ता अशा सामान्य गोष्टींनी. आजच्या प्रवाशाची गाठही याच पाच गोष्टींशी पडते.

कागदपत्रे आणि मुक्कामाची मुदत

पासपोर्ट आणि व्हिसा या दोन शब्दांचा अर्थ प्रथम स्पष्ट असावा. पासपोर्ट आपले सरकार देते. ‘ही व्यक्ती आमची नागरिक आहे’ असे त्याने सिद्ध होते. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. तो त्या देशाच्या दाराशी येण्याची परवानगी असतो. रायपूरमध्ये पासपोर्टचे कार्यालय आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी मात्र मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई किंवा हैदराबाद येथे जावे लागते.

भेटीसाठी जाणाऱ्यांना मिळणारा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो, आणि येथेच एक मोठा गैरसमज होतो. दहा वर्षे ही दाराशी येण्याची मुदत आहे, घरात राहण्याची नव्हे. प्रत्येक खेपेस किती दिवस राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. सामान्यतः ही मुदत सहा महिन्यांची असते आणि तिची नोंद संगणकावर होते. प्रवेश मिळाल्यावर एकदोन दिवसांतच मुलांकडून ही नोंद काढवून घ्यावी आणि अखेरची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत मांडून ठेवावी. ही तारीख ओलांडून राहिल्यास दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो आणि पुढील प्रवास कठीण होऊन बसतो.

विमानतळावर अधिकारी येण्याचे कारण विचारतो. उत्तर खरे, थोडके आणि सरळ असावे. ‘मुलीला भेटावयास आलो, अमुक महिने राहणार, अमुक गावी उतरणार’ एवढे पुरते. ‘कामासाठी आले’ असा शब्द सहज तोंडून जातो. आपल्या मनात घरातील मदत असते. ऐकणारा मात्र त्यातून नोकरी असा अर्थ घेतो आणि भेटीच्या व्हिसावर नोकरी करण्यास मनाई आहे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागण्यात संकोच करू नये.

मुक्कामाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि परतीच्या तिकिटाचा तपशील एका कागदावर इंग्रजीत लिहून तो कागद खिशात ठेवावा. मोबाइलमध्ये सर्व आहे, हे उत्तर मोबाइलची बॅटरी संपेपर्यंतच खरे असते. पासपोर्टची एक छायाप्रत स्वतःच्या पिशवीत, दुसरी सहप्रवाशाकडे आणि तिसरी घरी असावी.

रायपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर आहे. ज्या दिवशी विमान, त्याच दिवशी मुंबईस पोहोचणारी गाडी धरू नये. गाडीस झालेल्या उशिरासाठी विमान थांबत नाही. मध्ये एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे.

पिशवीत काय न्यावे, काय नेऊ नये

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. तेव्हा येथून जाणाऱ्या आईला मुलीसाठी दुबराज तांदळाची पिशवी न्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ नेण्यास अमेरिकेत बंदी आहे. याचे कारण खापरा नावाचा एक बारीक भुंगा होय. हा किडा मूळचा भारतीय उपखंडातील आहे. त्याच्या अळ्या अन्नावाचून दीर्घ काळ जिवंत राहू शकतात, पोत्यांच्या शिवणीत आणि भिंतींच्या फटींत लपून बसतात आणि साठविलेले धान्य पोखरून टाकतात. १९५३ साली तो कॅलिफोर्नियात आढळला. त्याच्या निर्मूलनाची मोहीम पुढे अनेक वर्षे चालली. एका पिशवीतून आलेला किडा कोठारेच्या कोठारे नासवू शकतो, हे ज्यांनी अनुभवले आहे ते एक किलो तांदळाकडेही मायेने पाहत नाहीत. गुढियारीच्या व्यापाऱ्यांना तरी हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ताज्या कढीपत्त्यालाही अशीच बंदी आहे. कढीपत्ता हा संत्र्या-लिंबाच्या कुळातील असून त्या बागांचा नाश करणाऱ्या रोगाचा प्रसार करणारा कीटक त्याच्या पानांवर वाढतो. ताजी फळे, भाज्या, पेरणीचे बी आणि मांसाचे पदार्थ हेही नेऊ नयेत.

मग नेता येणाऱ्या पदार्थांचे काय? नियम बदलत असतात आणि प्रत्येक पदार्थाची यादी पाठ करणे शक्य नाही. परंतु एक नियम लक्षात ठेवला तर पुरे: खाण्याचे जे काही बरोबर असेल ते विचारल्यावर सांगावे. सांगितलेला पदार्थ चालत नसेल तर अधिकारी तो बहुधा काढून घेऊन टाकून देतो, आणि प्रश्न तेथेच संपतो. लपविलेला पदार्थ सापडला तर दंड होतो. गमावलेल्या लोणच्याचे दुःख चार दिवसांत विसरते. नोंद मात्र राहते.

याहून गंभीर गोष्ट वाटेतील देशांची आहे. भारतातून अमेरिकेस जाणारी पुष्कळ विमाने आखाती देशांत थांबतात. दिवाळीच्या सुमारास अनारसे बरोबर घेण्याची आपली रीत आहे आणि अनारशावर खसखस असते. खसखस हे अफूच्या झाडाचे बी होय. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया येथे ती बाळगणे हा मादक पदार्थांच्या कायद्याखालील गुन्हा ठरू शकतो. सिंगापूरमध्येही तिला मनाई आहे. सामान थेट पुढील विमानात चढते, म्हणून निश्चिंत राहू नये. विमान चुकले आणि रात्रभर त्या गावी मुक्काम करावा लागला, की त्या देशाचे नियम आपणास लागू होतात. म्हणून ज्या देशात जावयाचे त्याचेच नव्हे, तर ज्या देशातून जावयाचे त्याचेही नियम पाहावेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांसाठीही आखातात पूर्वपरवानगी लागते.

औषधे आणि आजारपण

परदेशातील कोणत्याही गोष्टीने भारतीय कुटुंबाची घडी विस्कटत असेल तर ती आजारपणाने. अमेरिकेतील वैद्यकीय उपचार अत्यंत महाग आहेत. तेथील ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली सरकारी विमा योजना भेटीस आलेल्या आईवडिलांना लागू होत नाही. मुलाच्या नोकरीतून मिळालेल्या विम्यातही ते सामान्यतः बसत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी स्वतंत्र प्रवास-विमा घेणे हा या शिदोरीतील सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत आवश्यक खर्च होय.

विम्याचा कागद घेताना एकच प्रश्न नीट विचारावा: जुने आजार यात धरले आहेत काय? मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे साठीनंतर अनेकांचे सोबती असतात आणि नेमके तेच बहुसंख्य विम्यांतून वगळलेले असतात किंवा मर्यादित रकमेपुरते धरलेले असतात. अर्जात आजार लपविल्यास हप्ता कमी पडेल, पण ऐन वेळी भरपाई नाकारली जाईल.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. साधारणपणे नव्वद दिवसांच्या वापराइतका साठा स्वतःसाठी नेण्यास हरकत घेतली जात नाही. चिठ्ठीवर औषधाच्या व्यापारी नावाबरोबर त्यातील मूळ द्रव्याचे नाव असावे. कारण आपल्याकडील व्यापारी नाव तेथे कोणी ओळखणार नाही. क्वचित मूळ द्रव्याचेही नाव निराळे असते. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला तेथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलचे तेथील नाव अल्ब्युटेरॉल आहे. हे ठाऊक नसल्याने एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतले जाण्याचा धोका असतो.

उपचाराच्या पायऱ्याही समजून घ्याव्यात. सर्दी-डोकेदुखीची साधी औषधे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. प्रतिजैविके मिळत नाहीत. मध्यम आजारासाठी वेळ न ठरविता जाता येईल असे तातडीचे दवाखाने असतात आणि तेथील खर्च रुग्णालयाच्या मानाने पुष्कळच कमी येतो. रुग्णालयाचा आकस्मिक विभाग हा जिवावरच्या प्रसंगासाठी असतो. तेथे रुग्णाची ऐपत न पाहता त्याची तपासणी करणे व प्रकृती स्थिर करणे १९८६ च्या कायद्याने जवळजवळ सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. बिल अर्थात मागाहून येतेच. परंतु छातीत कळ आल्यावर ‘मुलाला खर्च पडेल’ म्हणून रात्रभर गप्प बसणाऱ्या बापाने ही गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. उशिरा केलेला उपचार अधिक महाग तर पडतोच, कधी कधी त्याचा उपयोगही होत नाही.

पैशाचा व्यवहार

भारतातून निघताना एका प्रवासासाठी तीन हजार डॉलरपर्यंत विदेशी चलन रोख नेता येते. उरलेली रक्कम कार्डाच्या रूपाने न्यावी. अमेरिकेत उतरताना एखाद्या कुटुंबाजवळ मिळून दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोकड असल्यास ती जाहीर करावी लागते.

तेथील नोटा लहान रकमेच्या असोत की मोठ्या, आकाराने सारख्याच असतात. त्यामुळे आकडा वाचल्याखेरीज नोट देऊ नये. नाण्यांचीही एक गंमत आहे: दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असते.

आपल्याकडे वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. अमेरिकेत तसे नाही. मांडणीवरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो पैसे देतेवेळी मिळविला जातो आणि त्याचा दर राज्याराज्यांत व गावागावांत वेगळा असतो. ओरेगॉन, मोंटॅना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर या राज्यांत असा सर्वसाधारण विक्रीकर नाही. दुकानदाराने फसविले असे समजून वाद घालण्यापूर्वी हे आठवावे. उपाहारगृहात वाढणाऱ्यास बिलाच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. ती तेथे दया नव्हे, त्याच्या मिळकतीचाच भाग असतो.

घरात वावरताना

मुलीच्या घरी पोहोचल्यावर प्रथम विजेशी परिचय करून घ्यावा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असते, तेथे १२० व्होल्टची. आपला मिक्सर किंवा इस्त्री तेथे नीट चालणार नाही. मोबाइलच्या चार्जरवर ‘१०० ते २४०’ असे आकडे छापलेले असतील तर तो चालेल. फक्त दोन चपट्या पट्ट्यांचा जोड लागेल. बटण आपल्याकडे खाली दाबले की दिवा लागतो, तेथे वर केले की लागतो.

बरीचशी घरे लाकडाच्या सांगाड्याची असतात. म्हणून छताला धुराची सूचना देणारी यंत्रे बसविलेली असतात. मोहरी-हिंगाची खमंग फोडणी, उदबत्ती, कापूर किंवा तव्यावर करपलेली पोळी एवढ्यानेही ते यंत्र कर्कश ओरडू लागते. घाबरून जाऊ नये. धुराचा पंखा आधी लावावा, खिडकी उघडावी आणि फोडणी मंद आचेवर करावी. यंत्राचा आवाज नको म्हणून त्याची बॅटरी कदापि काढू नये. मोठ्या इमारतीत अशी सूचना थेट सर्व मजल्यांवर जाते. तशा वेळी लिफ्ट न वापरता जिन्याने खाली उतरावे.

पुष्कळ घरांचे दार मागे आपोआप बंद होऊन कुलूप लागते. कचरा टाकण्यास बाहेर पडलेली व्यक्ती हिवाळ्यात बाहेरच अडकली तर प्रसंग कठीण होतो. किल्ली आणि मोबाइल घेतल्याखेरीज उंबरा ओलांडू नये. नळाचे पाणी सामान्यतः पिण्यायोग्य असते. शौचालयात कागदाचा वापर होतो. तांब्या आपल्याबरोबर नेलेला बरा.

मुले कामावर गेल्यावर दिवस मोठा होतो. उपनगरांत पायी चालणारे फारसे दिसत नाहीत आणि कित्येक ठिकाणी पदपथही नसतात. अशा वेळी गावातील सार्वजनिक ग्रंथालय हा मोठा आधार होय. तेथे बसून वाचण्यास पैसे पडत नाहीत आणि बहुधा ओळखपत्रही लागत नाही. मराठी माणसांसाठी अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. गणेशोत्सवाची तारीख जाण्यापूर्वीच विचारून ठेवावी.

रस्त्यावर

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान आयुष्यभराच्या सवयीने प्रथम उजवीकडे वळते. तेथे जवळचे वाहन डावीकडून येते. तेव्हा रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे, मग उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे पाहावे. बहुतेक ठिकाणी तांबडा दिवा असतानाही, थांबून आणि पाहून, वाहनास उजवीकडे वळण्याची मुभा असते. म्हणून चालणाऱ्याचा दिवा लागला तरी वळणाऱ्या गाडीकडे लक्ष असू द्यावे.

गाडीत असताना पोलिसाने थांबविले तर आपल्याकडील रीतीप्रमाणे उतरून त्याच्याकडे जाऊ नये. जागेवरच बसावे, हात दिसतील असे ठेवावेत आणि तो विचारील त्याचे उत्तर द्यावे. उतरून चालत येणाऱ्या माणसाकडे तेथील पोलीस धोका म्हणून पाहतो.

हिवाळ्यात उत्तरेकडील राज्यांत पाणी गोठून रस्त्यावर पारदर्शक थर तयार होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चपला घालून बाहेर पडू नये. एकाच जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेले तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. आनंदीबाईंच्या काळी ही साधने सुलभ नव्हती. आज आहेत, तेव्हा संकोचाने ती नाकारू नयेत.

मापे, तारखा आणि वेळ

अमेरिकेत अंतर मैलांत, वजन पौंडांत आणि हवेचे तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. अंगातला ताप आपण फॅरनहाइटमध्येच मोजतो, ते येथे उपयोगी पडते. हवेसाठी एवढेच ध्यानात ठेवावे की ३२ अंशांवर पाणी गोठते.

तारीख लिहिताना तेथे महिना आधी आणि दिवस नंतर येतो. आनंदीबाईंच्या प्रस्थानाचा दिवस आपण ७/४ असा लिहू. अमेरिकन माणूस तो ४/७ असा लिहील, आणि आपण तो चार जुलै असा वाचू. औषधावरील मुदत, दवाखान्याची वेळ आणि परतीचे तिकीट यांबाबत ही चूक महाग पडते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणे हा उत्तम उपाय. इमारतीत आपण ज्याला तळमजला म्हणतो तो तेथे पहिला मजला असतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील बहुतेक राज्यांत घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे रायपूरच्या मानाने न्यूयॉर्कची वेळ उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. लॉस एंजेलिस आणखी तीन तास मागे. गोळ्या घेण्याची वेळ या फरकात कशी बसवावी हे इन्शुलिन घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

संकटाच्या वेळी

पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका या तिहींसाठी एकच क्रमांक आहे: ९११. तो कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. इंग्रजी येत नसेल तरी फोन ठेवून देऊ नये. आपल्या भाषेचे नाव सांगावे. अनेक ठिकाणी दुभाषा जोडून देण्याची सोय असते. सर्वांत महत्त्वाचा असतो तो पत्ता. घराचा क्रमांक, रस्ता आणि गाव हे शब्द आजी-आजोबांना पाठ असले पाहिजेत. घरी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तो पत्ता मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवून ठेवावा. पासपोर्ट हरवला तर वॉशिंग्टन येथील भारतीय दूतावास किंवा न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को आदी शहरांतील वाणिज्य दूतावास मदत करतात. त्या वेळी छायाप्रत उपयोगी पडते.

ही सर्व माहिती एकदम पाठ होणार नाही आणि तशी गरजही नाही. निघण्यापूर्वी महिनाभर आधी कुटुंबाने एकत्र बसून एक कागद तयार करावा. त्यावर पत्ता, फोन, औषधांची मूळ नावे, विम्याचा क्रमांक आणि परतण्याची अखेरची तारीख एवढ्या पाच ओळी लिहाव्यात. शिकागोच्या मालधक्क्यावर रात्र काढणाऱ्या प्रवाशापाशी असा एक कागद असता, तर ती रात्र त्याने छपराखाली काढली असती. गुढियारीच्या घरातून निघणाऱ्या आजीच्या पिशवीत लाडू असतीलच. त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात हा कागद आहे की नाही, हे स्थानकाकडे वळण्यापूर्वी घरच्यांनी एकदा पाहून घ्यावे.